थ्रेड तोच, कप्पा दर वेळी नवा

यंत्रांच्या कंपनांची नोंद ठेवणारा एक प्रोग्रॅम मी काही महिन्यांपूर्वी लिहीत होतो. सेन्सरसोबत उत्पादकाने दिलेली लायब्ररी सी भाषेतली होती. ती स्वतःचा एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणारा कामाचा प्रवाह, सुरू करून त्यावर सेन्सर वाचत असे, आणि प्रत्येक वाचन हाती आले की मी तिला दिलेले पायथनमधले फंक्शन बोलावत असे. हा कॉलबॅक मी सी लायब्ररीशी जोडणी करून देणाऱ्या पायथनच्या सीटाइप्स या मोड्यूलमार्फत जोडला होता. वाचने एसक्यूलाइट या डेटाबेसच्या फाइलमध्ये लिहायची होती, आणि ज्या थ्रेडवर एसक्यूलाइटचे कनेक्शन उघडले त्याच थ्रेडवर ते वापरले पाहिजे अशी पायथनच्या मोड्यूलची मूळ अट असल्यामुळे मी ते कनेक्शन थ्रेडिंग.लोकलच्या, म्हणजे प्रत्येक थ्रेडला आपापली वेगळी मूल्ये देणाऱ्या ऑब्जेक्टच्या, एका उपवर्गात ठेवले. शंभर वाचने झाली की एकदम कमिट करायचे, म्हणजे ती फाइलमध्ये कायम करायची होती, म्हणून वाचनांची मोजणीही तिथेच ठेवली.

प्रोग्रॅम रात्रभर चालला आणि सकाळी पाहिले तर टेबल रिकामे होते. लॉगमध्ये मात्र हजारो ओळी होत्या आणि त्या सगळ्या एकसारख्या होत्या: ‘नवे कनेक्शन उघडले’, आणि पुढे थ्रेडचा क्रमांक. तो पंधरा अंकी क्रमांक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकच होता. म्हणजे थ्रेड बदलत नव्हता. तरीही प्रत्येक कॉलबॅकला माझ्या उपवर्गाचे इनिट, म्हणजे सुरुवातीची मांडणी करणारे फंक्शन, नव्याने चालत होते आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होत होती. ती कधीच एकाच्या पुढे न गेल्यामुळे कमिटची वेळच आली नव्हती, आणि कॉलबॅक संपताच कनेक्शन बंद होऊन कमिट न झालेले ते एकुलते एक वाचनही त्याच्यासोबत नाहीसे होत होते.

थ्रेड तोच असताना थ्रेड-लोकल साठा टिकत नाही, हे मला तोवर अशक्य वाटत होते. त्याचे कारण शोधताना मी सीपायथनचा, म्हणजे पायथन कोड चालवणाऱ्या मूळ इंटरप्रिटरचा सोर्स कोड बराच वाचला, आणि एक गोष्ट पक्की समजली. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी जो थ्रेड असतो आणि इंटरप्रिटरच्या लेखी जो थ्रेड असतो, ते एक नसतात. त्यांचे जन्म आणि मृत्यू वेगवेगळ्या वेळी होऊ शकतात, आणि थ्रेडिंग.लोकल बांधलेले असते ते इंटरप्रिटरच्या थ्रेडशी. हे कसे घडते ते इथे तपशिलाने लिहीत आहे.

एका प्रोसेसमधले सगळे थ्रेड एकच मेमरी वापरतात, त्यामुळे एखादा ग्लोबल व्हेरिएबल सर्वांना सारखाच दिसतो. पण काही मूल्ये अशी असतात की ज्यांचे नाव सर्वांसाठी एक असावे आणि मूल्य मात्र ज्याचे त्याला मिळावे. शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारा सी भाषेतला एररनो हे याचे जुने आणि परिचित उदाहरण आहे: एका थ्रेडची फाइल उघडली गेली नाही म्हणून दुसऱ्या थ्रेडच्या एररनोमध्ये चूक नोंदली गेली, तर कोणाचाच कशावर भरवसा राहणार नाही. अशा मूल्यांसाठी पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकातल्या थ्रेड्समध्ये किल्ल्यांची सोय आहे. प्रोग्रॅमने एक किल्ली तयार करायची. किल्ली सर्वांना एकच, पण जो थ्रेड ती लावेल त्याचाच कप्पा उघडतो. अशा किल्ल्या मोजक्याच मिळतात. पॉझिक्सने एका प्रोसेसला किमान १२८ किल्ल्यांची हमी दिली आहे, लिनक्सवरच्या ग्लिब्सी या सी लायब्ररीमध्ये त्या १०२४ आहेत, आणि विंडोजची किमान हमी ६४ कप्प्यांची आहे. दुसरा मार्ग कंपायलरचा आहे. व्हेरिएबलच्या घोषणेतच तो थ्रेड-लोकल असल्याचे सांगितले की ६४ बिटी इंटेल प्रोसेसरवर लिनक्समध्ये एफएस नावाचा रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधली छोटी साठवण, प्रत्येक थ्रेडच्या स्वतःच्या जागेकडे बोट दाखवतो आणि त्या जागेपासून ठरावीक अंतरावर ते मूल्य सापडते.

इंटरप्रिटरला याहून पुष्कळ जास्त सामान प्रत्येक थ्रेडमागे जपावे लागते. सध्या कोणते फंक्शन चालू आहे आणि ते कोणी बोलावले, कोणते एक्सेप्शन हाताळले जात आहे, रिकर्शन किती खोल गेले आहे, हे सगळे सीपायथनमध्ये ‘पायथ्रेडस्टेट’ नावाच्या स्ट्रक्चरमध्ये असते. ही थ्रेड स्टेट हीपवर, म्हणजे गरजेप्रमाणे मागून घेतलेल्या मेमरीत, तयार होते आणि इंटरप्रिटर आपल्याकडच्या सर्व थ्रेड स्टेटची एक साखळी बाळगतो. प्रत्येक थ्रेड स्टेटमध्ये एक डिक्शनरी, म्हणजे किल्लीवरून मूल्य शोधून देणारी रचनाही असते, आणि या लेखातली सारी गोष्ट त्या डिक्शनरीभोवती फिरते. ऑपरेटिंग सिस्टिमला या स्ट्रक्चरचा पत्ताही नसतो; तिला माहीत असतो तो फक्त थ्रेडचा स्टॅक आणि त्याचे रजिस्टर.

पायथनमधूनच थ्रेड सुरू केला तर दोन्हींची गाठ आपोआप पडते: इंटरप्रिटर आधी थ्रेड स्टेट तयार करतो, मग सिस्टिमकडे थ्रेड मागतो, आणि त्या थ्रेडचे काम संपले की थ्रेड स्टेट स्वतः आवरतो. अडचण येते ती बाहेर जन्मलेल्या थ्रेडची. सी लायब्ररीने सुरू केलेला थ्रेड एके दिवशी पायथनच्या दारात येऊन उभा राहतो आणि फंक्शन चालवायला सांगतो, तेव्हा त्याची थ्रेड स्टेट कोणती, हा प्रश्न इंटरप्रिटरपुढे उभा राहतो.

बराच काळ सीपायथनला या प्रश्नाचे सोपे उत्तर नव्हते. जीआयएल, म्हणजे संपूर्ण इंटरप्रिटरवरचे एकमेव लॉक, ज्याच्या हाती असेल तोच पायथन कोड चालवू शकत असल्यामुळे ‘सध्याची थ्रेड स्टेट’ एका साध्या ग्लोबल पॉइंटरमध्ये, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, ठेवली तरी भागत होते. लॉक हातातून हातात गेले की पॉइंटर बदलायचा. पण ‘सध्या कोणती थ्रेड स्टेट चालू आहे’ आणि ‘या थ्रेडची थ्रेड स्टेट कोणती’ हे दोन प्रश्न निरनिराळे आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर त्या ग्लोबल पॉइंटरकडे नव्हते. २००३ साली आलेल्या पायथन २.३ मध्ये मार्क हॅमंड यांच्या पेप ३११ या प्रस्तावानुसार त्यासाठी दोन फंक्शने आली: ‘पायगिलस्टेट_एन्शुअर’ आणि ‘पायगिलस्टेट_रिलीज’. थ्रेड कुठलाही असो, पायथनला हात लावण्याआधी पहिले बोलवावे आणि काम झाल्यावर दुसरे, एवढाच नियम.

माझ्या रिकाम्या टेबलाचे उत्तर या दोन फंक्शनांतच होते. एन्शुअर प्रथम थ्रेड-लोकल कप्पा उघडून पाहते. तिथे थ्रेड स्टेटचा पॉइंटर असेल तर तीच वापरली जाते. कप्पा रिकामा असेल तर हा थ्रेड इंटरप्रिटरला अनोळखी आहे असे मानून एन्शुअर नवी थ्रेड स्टेट तयार करते, तिचा पॉइंटर कप्प्यात ठेवते आणि तिच्यावर एक मोजणी सुरू करते. पुढे त्याच थ्रेडवर एन्शुअर पुन्हा बोलावले गेले तर मोजणी वाढते, रिलीज बोलावले गेले तर कमी होते, आणि मोजणी शून्यावर आली की रिलीज ती थ्रेड स्टेट रिकामी करून नष्ट करते व कप्पाही पुसून टाकते. सीटाइप्स प्रत्येक कॉलबॅकच्या आरंभी एन्शुअर आणि शेवटी रिलीज बोलावते. त्यामुळे सेन्सरचा थ्रेड सिस्टिमच्या लेखी रात्रभर एकच होता, पण इंटरप्रिटरच्या लेखी तो प्रत्येक वाचनाला जन्मत होता आणि मिलिसेकंदभरात मरत होता. सीटाइप्सच्या अधिकृत दस्तऐवजातही हे स्पष्ट लिहिले आहे: पायथनच्या बाहेर तयार झालेल्या थ्रेडवरून कॉलबॅक आला, तर थ्रेडिंग.लोकलमधली मूल्ये पुढच्या कॉलबॅकपर्यंत टिकणार नाहीत.

मग इंटरप्रिटरने ती थ्रेड स्टेट मूळ थ्रेड संपेपर्यंत राखून का ठेवू नये, असे मला प्रथम वाटले. पॉझिक्सच्या किल्लीसोबत डिस्ट्रक्टर, म्हणजे अखेरीस आवराआवर करणारे फंक्शन, देता येतो. थ्रेड संपताना तो बोलावला जातो, तेव्हाच थ्रेड स्टेट आवरावी. सीपायथन मात्र किल्ली तयार करताना डिस्ट्रक्टरच्या जागी नल, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, देतो, आणि विचार केल्यावर मला ते योग्य वाटते. थ्रेड स्टेट रिकामी करताना तिच्या डिक्शनरीतली ऑब्जेक्ट नष्ट होतात. त्यांचे पायथनमधले डिस्ट्रक्टर चालतात. आणि त्यासाठी जीआयएल हाती असावे लागते. मरणाऱ्या थ्रेडने शेवटच्या क्षणी लॉकसाठी थांबून राहायचे, आणि तोवर इंटरप्रिटरच बंद होऊन गेला असेल तर काय? शिवाय वेगवेगळ्या किल्ल्यांचे डिस्ट्रक्टर कोणत्या क्रमाने चालतील याची पॉझिक्स हमी देत नाही. जे निश्चितपणे आवरता येते ते तिथल्या तिथे आवरावे, हा निर्णय मला महाग पडला असला तरी तो सुरक्षित आहे.

आता थ्रेडिंग.लोकलकडे येतो, कारण त्याची आतली रचना मला या साऱ्या शोधात सर्वांत सुंदर वाटली. पायथन २.४ पासून असलेले हे ऑब्जेक्ट वापरायला अगदी साधे आहे: त्यावर कोणतेही ॲट्रिब्यूट ठेवावे, प्रत्येक थ्रेडला आपलेच दिसेल. त्यासाठी पॉझिक्सची वेगळी किल्ली खर्च होत नाही, नाही तर हजारभर लोकल ऑब्जेक्ट तयार करताच किल्ल्या संपल्या असत्या. प्रत्येक लोकल ऑब्जेक्ट थ्रेड स्टेटच्या डिक्शनरीत आपल्या नावाने एक नोंद करते आणि त्या नोंदीच्या आधारे त्या थ्रेडपुरती ॲट्रिब्यूटची डिक्शनरी शोधते. नोंद सापडली नाही तर हा थ्रेड नवा आहे असे समजून ती डिक्शनरी तयार करते, आणि उपवर्ग असेल तर त्याचे इनिट मूळ आर्ग्युमेंटांसह पुन्हा चालवते. माझ्या लॉगमधली ओळ याच इनिटमधून येत होती.

अवघड भाग आहे तो आवरण्याचा, कारण इथे मृत्यू दोन बाजूंनी येऊ शकतो. थ्रेड आधी मेला तर त्याची सगळ्या लोकल ऑब्जेक्टमधली मूल्ये सुटली पाहिजेत. लोकल ऑब्जेक्ट आधी मेले तर त्याची सगळ्या थ्रेडमधली मूल्ये सुटली पाहिजेत. दोघांनी एकमेकांना घट्ट धरून ठेवले, आणि एखाद्या थ्रेडच्या मूल्यातूनच त्या लोकल ऑब्जेक्टकडे परत जाणारा संदर्भ असला, तर थ्रेड चालू असेपर्यंत काहीच सुटत नाही. यावर अनेक आवृत्त्यांत वापरली गेलेली युक्ती अशी. थ्रेड स्टेटच्या डिक्शनरीत खरी मूल्ये ठेवायचीच नाहीत. तिथे फक्त एक रिकामे बाहुले ठेवायचे. खरी मूल्ये लोकल ऑब्जेक्टकडे राहतात, एका डिक्शनरीत, आणि त्या डिक्शनरीची किल्ली म्हणजे बाहुल्याचा वीक रेफरन्स, म्हणजे त्याला जिवंत न ठेवणारा संदर्भ. थ्रेड मेला की त्याच्या थ्रेड स्टेटची डिक्शनरी जाते, बाहुले जाते, वीक रेफरन्सचा कॉलबॅक चालतो आणि लोकल ऑब्जेक्ट आपल्याकडची त्या थ्रेडची मूल्ये काढून टाकते. उलट लोकल ऑब्जेक्ट आधी गेले तर मूल्ये त्याच्यासोबतच जातात आणि प्रत्येक थ्रेडमधून आपले बाहुले वेचून काढणे एवढेच काम उरते. बाहुल्यामध्ये काहीही नाही, म्हणूनच ते दोन्ही बाजूंना निर्धास्तपणे धरता येते.

किल्लीच्या बाबतीतही सीपायथनने एक जुनी चूक दुरुस्त केली, ती थोडक्यात सांगतो. त्याच्या जुन्या सी इंटरफेसमध्ये किल्लीचा प्रकार इंट, म्हणजे साधा पूर्णांक, धरलेला होता. पॉझिक्सने मात्र ती कोणत्या प्रकारची असावी हे प्रत्येक सिस्टिमवर सोडले आहे, आणि विंडोजवर युनिक्ससारखे वातावरण देणाऱ्या सिग्विनमध्ये ती पॉइंटर आहे. इंटमध्ये ती मावत नाही. एरिक ब्रे आणि मासायुकी यामामोटो यांच्या पेप ५३९ ने किल्लीला स्वतःचा, आतला तपशील झाकलेला प्रकार दिला, आणि २०१८ च्या पायथन ३.७ मध्ये नवा इंटरफेस आला.

त्याच ३.७ मध्ये युरी सेलिवानोव्ह यांचे कॉन्टेक्स्टव्हार्स, म्हणजे थ्रेडऐवजी टास्कपुरती मूल्ये ठेवण्याची सोयही आली, आणि त्यांचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. पायथनच्या असिंकआयओ या मोड्यूलमध्ये शेकडो टास्क, म्हणजे स्वतंत्र कामे, एकाच थ्रेडवर आळीपाळीने चालतात, तेव्हा थ्रेडचा कप्पा त्या सर्वांचा सामाईक होतो. एका टास्कने दशांश गणिताची अचूकता बदलली तर ती शेजारच्या टास्कलाही लागू होते. म्हणून डेसिमल मोड्यूलने आपला संदर्भ थ्रेड-लोकलमधून कॉन्टेक्स्टव्हारमध्ये हलवला. रुबी भाषेला हाच प्रश्न फायबरच्या, म्हणजे एकाच थ्रेडच्या आत आळीपाळीने चालणाऱ्या कामांच्या, रूपाने भेटला होता: तिथे थ्रेडवर चौकटी कंसाने ठेवलेले मूल्य खरे तर फायबरपुरतेच असते, आणि संपूर्ण थ्रेडसाठी मूल्य ठेवायचे तर रुबी २.० पासून वेगळी ‘थ्रेड व्हेरिएबल’ वापरावी लागतात. दोन्ही भाषांत शब्द एकच होता, पण त्या शब्दाखाली नेमके कोणाचे आयुष्य अभिप्रेत आहे, हे नंतर वेगळे सांगावे लागले.

त्या जुन्या ग्लोबल पॉइंटरचा शेवट पायथन ३.१२ मध्ये झाला. २०२३ च्या या आवृत्तीत एरिक स्नो यांच्या पेप ६८४ मुळे एका प्रोसेसमधल्या प्रत्येक इंटरप्रिटरला स्वतःचे जीआयएल मिळू शकते. मग एकाच क्षणी दोन थ्रेड खऱ्या अर्थाने पायथन कोड चालवू शकतात आणि ‘सध्याची थ्रेड स्टेट’ एकच उरत नाही. म्हणून तो पॉइंटर आता कंपायलरच्या थ्रेड-लोकल व्हेरिएबलमध्ये गेला. तो इतक्या वेळा वाचला जातो की वाचण्याची किंमत महत्त्वाची ठरते. इंटरप्रिटर मुख्य प्रोग्रॅममध्येच जोडलेला असेल तर एफएस रजिस्टरपासूनचे अंतर आधीच ठाऊक असते आणि एका सूचनेत काम होते. तो शेअर्ड लायब्ररीत असेल तर सर्वसाधारण पद्धतीत पत्ता मिळवण्यासाठी एक फंक्शन बोलवावे लागते. व्हिक्टर स्टिनर यांनी त्याआधीच अनेक अंतर्गत फंक्शनांना थ्रेड स्टेट थेट आर्ग्युमेंट म्हणून द्यायला सुरुवात केली होती. एकदा शोधलेली गोष्ट हातोहात पुढे द्यावी, पुन्हा शोधू नये, ही पद्धत वाचणाऱ्यालाही सोपी जाते असे माझे मत आहे. एन्शुअर आणि रिलीज यांना मात्र ही अनेक इंटरप्रिटरांची दुनिया अजून नीट मानवत नाही, कारण बाहेरून आलेल्या थ्रेडला कोणत्या इंटरप्रिटरमध्ये जायचे आहे हे सांगायची सोय त्यांच्यात नाही.

जीआयएलच काढून टाकणाऱ्या पेप ७०३ मध्ये, म्हणजे सॅम ग्रॉस यांच्या कामात, थ्रेडची ओळख आणखी खोल गेली आहे. तिथे प्रत्येक ऑब्जेक्टच्या शीर्षभागात ते ज्या थ्रेडने तयार केले त्याचा क्रमांक असतो आणि संदर्भांच्या, म्हणजे ते ऑब्जेक्ट किती ठिकाणांनी धरले आहे याच्या, मोजण्या दोन असतात: एक मालक थ्रेडची, जिला ॲटॉमिक (इतर थ्रेडना मध्ये येऊ न देणाऱ्या) सूचना लागत नाहीत, आणि दुसरी इतर सर्वांची. मोजणी बदलताना दर वेळी ‘मी मालक आहे का’ हे तपासावे लागते, म्हणून थ्रेडचा क्रमांक फंक्शन न बोलावता थेट रजिस्टरच्या आधारे वाचला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ३.१३ मध्ये ही बांधणी प्रायोगिक म्हणून उपलब्ध झाली.

माझ्या प्रोग्रॅमसाठी दोन मार्ग होते. लायब्ररीचा सी कोड माझ्या हातात असता, तर थ्रेड सुरू होताच एकदा एन्शुअर बोलावून लगेच फक्त जीआयएल सोडून दिले असते आणि रिलीज थ्रेडच्या अखेरीस बोलावले असते. मग मधल्या प्रत्येक कॉलबॅकला मोजणी एकाची दोन आणि दोनाची एक झाली असती, शून्यावर कधी आली नसती आणि थ्रेड स्टेट टिकली असती. ती लायब्ररी तयार बायनरी स्वरूपात मिळालेली असल्यामुळे मी दुसरा मार्ग घेतला. कॉलबॅकमध्ये आता एकच ओळ आहे: वाचन सिंपलक्यू या पायथनच्या रांगेत टाकायचे आणि परतायचे. पायथनमध्ये जन्मलेला दुसरा थ्रेड त्या रांगेतून वाचने उचलतो, मोजतो आणि शंभर झाली की कमिट करतो. थ्रेडिंग.लोकलचा उपवर्ग मी काढला नाही, त्यातली लॉगची ओळही तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी लॉगमध्ये ‘नवे कनेक्शन उघडले’ ही ओळ एकदाच होती, तिच्यापुढचा पंधरा अंकी क्रमांक आदल्या दिवशीपेक्षा वेगळा होता, आणि तिच्याखाली कमिटच्या ओळी एकापाठोपाठ एक उतरत गेल्या होत्या.